चौथीचा नंबर कुणी नेला?

थंडी पडली की आमच्या नाशिकला रविवारची सकाळ मॅरेथॉनची असते. पाच किलोमीटर पळायचं असलं तरी आपण त्याला मॅरेथॉनच म्हणतो. (खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, पण असो.) गंगापूर रोडला पहाटे धावणाऱ्यांत आता आपल्या वयाच्या बायका बऱ्याच दिसतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. चाळिशीनंतर ट्रॅक पँट घालून रस्त्यावर पळायचं म्हणजे पूर्वी सासूबाईंच्या आधी शेजारणींनीच कपाळाला हात लावला असता!

म्हणूनच या शर्यतींमधल्या लबाडीबद्दल लिहावंसं वाटलं. कुणी वळायच्या जागेआधीच माघारी फिरतं, कुणी मधलं अंतर मोटारसायकलवर बसून काढतं, कुणी दुसऱ्याचा नंबर छातीवर लावून पळतं. आमच्या मंडळात विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाली, "हौसेचं तर पळणं, त्यात कुणाचं काय जातंय?" मैत्रिणींनो, जातं. आणि बऱ्याचदा ते बाईचंच जातं.

अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनची १९८० सालची गोष्ट घ्या. रोझी रुईझ नावाची हौशी धावपटू २ तास ३१ मिनिटं ५६ सेकंदांत बायकांमध्ये पहिली आली. एवढं पळून ना धाप, ना फारसा घाम! वाटेतल्या पंचांनी तिला पाहिलंच नव्हतं, फोटोतही ती नव्हती. शेवटच्या टप्प्यात ती गर्दीतून रस्त्यावर आल्याचं पाहणारे मात्र निघाले. आठ दिवसांनी तिचं विजेतेपद काढून घेतलं. पण मला वाईट वाटतं ते कॅनडाच्या जॅकलिन गारो हिचं. खरी पहिली ती. अख्खं अंतर पळून ती पोचली तेव्हा पहिलीचं कौतुक दुसरीच घेत होती. पदक नंतर मिळालं. पण तो क्षण? तो कुठून आणायचा?

चीनमध्ये शेनझेनच्या अर्धमॅरेथॉनमध्ये २०१८ साली २५८ जण पकडले गेले. बहुतेकांनी झुडपांतून जवळची वाट धरली होती. सगळे हौशीच की!

आता नंबराचं. छातीवरच्या नंबराला, म्हणजे बिबला, एक चिप असते. वाटेतल्या मॅटवरून गेलं की वेळ आपोआप नोंदली जाते. पण मॅटला फक्त चिप कळते, ती लावणारा बाप्या की बाई हे कळत नाही. समजा, बायकोचा नंबर लावून नवरा पळाला, तर निकालात ती चाळीस ते पन्नास वयाच्या बायकांत दुसरी-तिसरी दिसणार. मग जी खरी तिसरी, ती चौथी होते आणि हात हलवत घरी जाते. शिवाय बिबच्या मागे रक्तगट आणि घरच्यांचा फोन लिहायचा असतो. दुसऱ्याचा नंबर लावलेला माणूस वाटेत कोसळला, तर डॉक्टरांनी कुणाला फोन करायचा?

आणि बक्षिसाची रक्कम सगळ्यांनाच किरकोळ नसते हो. पेठ, सुरगाण्याच्या मुलींना त्यात बूट येतात, खुराक येतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि आशियाई स्पर्धेत रुपेरी पदक घेऊन आली. अशा वस्त्यांवरच्या मुलींचं नशीब एखाद्या शर्यतीनंही पालटू शकतं. बारामतीच्या लताबाई करे तर नवऱ्याच्या औषधपाण्यासाठी नऊवारीत, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. त्या दिवशी कुणी मधल्या गल्लीतून येऊन त्यांच्यापुढे गेलं असतं तर?

मात्र एक भीती मला वाटते. चोर शोधता शोधता आपण साधी बाई चोर ठरवू. एखादीनं वर्षभर पहाटे उठून सराव केला, वेळ सुधारली, की लगेच कुजबुज, "नवऱ्यानं पळवलं असेल!" पुरुषाची वेळ सुधारली की मेहनत आणि बाईची सुधारली की संशय, असं का? संशय असेल तर मॅटच्या नोंदी बघा, फोटो बघा, तिलाही बोलू द्या. कट्ट्यावर निकाल लावू नका.

छोट्या शर्यतींना चिप-मॅटचा खर्च झेपत नाही, हे कबूल. पण वळणावर प्रत्येकाच्या हातात रंगीत रबर बँड अडकवायला कितीसा खर्च? शेवटी ज्याच्या हातात बँड नाही, त्याचा नंबर धरायचा नाही. आजारपणामुळे कुणाला येणं जमलं नाही, तर नंबर रीतसर दुसऱ्याच्या नावावर करून द्यावा, म्हणजे चोरून पळायची गरजच नको. आणि बायकांच्या गटातली बक्षिसं जाहीर करण्याआधी पहिल्या पाचजणींच्या नोंदी नि फोटो ताडून बघावेत. दहा मिनिटांचं काम.

वळणावर उभं राहायला माणसं मिळत नाहीत, अशी आयोजकांची तक्रार असते. बचत गटाच्या बायकांना सांगून बघा. पहाटे साडेचारला उठायची आम्हाला सवय आहे.