शिस्तीचे हात खरोखर बांधलेले आहेत काय?

एका विद्यार्थ्याने दुसऱ्याचा छळ केल्याची तक्रार आली की शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'हल्ली आमचे हात बांधलेले आहेत.' यात तथ्य नाही असे नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेवर व मानसिक छळावर बंदी घातली. कलम १६ने आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली. छडी गेली, दाखला हातात देण्याची धमकीही गेली. मग सातवीतल्या 'दादा'ला आवरायचे कसे, हा मुख्याध्यापकांचा प्रश्न रास्तच आहे.

परंतु छडी आणि दाखला म्हणजेच शिस्त, हे गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. छडी खाल्लेला दांडगा मुलगा एवढेच शिकतो की, बलवानाने दुर्बलाला मारावे. शाळेतून काढलेला मुलगा दुसऱ्या शाळेत नवे सावज शोधतो. उलट, 'मुलांची भांडणे, चालायचीच' असे म्हणत दोघांचे हात एकमेकांच्या हाती देणारी मिटवामिटवी तर अधिकच घातक. पीडित मुलगा त्या दिवशी समजून चुकतो की सांगून उपयोग नाही. मग पोटदुखीचे निमित्त करून तो शाळा बुडवू लागतो आणि घरच्यांना वाटते, मुलगा आळशी झाला.

या संदर्भात नॉर्वेचे उदाहरण उद्बोधक आहे. १९८२च्या अखेरीस तेथील तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागील संभाव्य कारण होते. देश हादरला आणि १९८३मध्ये सरकारने शाळांमधून देशव्यापी मोहीम हाती घेतली. प्रा. डॅन ओल्वेउस यांनी बर्गन शहरातील ४२ शाळांमधील सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. उपाय साधेच होते : मधल्या सुट्टीत शिक्षकांची मैदानावर जागरूक उपस्थिती, वर्गाने मिळून ठरवलेले मोजके नियम, नियम मोडल्यास न चुकता परिणाम आणि दोन्ही मुलांशी व त्यांच्या पालकांशी गंभीर संवाद.

आपल्याकडेही कायद्यांची वानवा नाही. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्याने संस्थाप्रमुखावर तक्रारीची सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन घातले. तथापि त्याचा सारा भर अपराध्याच्या शासनावर आहे. शासन झाल्यावर, पीडित मुलाने दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर कसे बसायचे? त्याचे उत्तर कोणत्याही कलमात सापडणार नाही. ते शाळेनेच द्यायचे आहे.

म्हणून शिस्त आणि आधार या एकाच रथाच्या दोन चाकांप्रमाणे चालल्या पाहिजेत. तक्रारीची लेखी नोंद व्हावी, चौकशी दोघांना वेगवेगळे बसवून व्हावी. दोषी मुलाला सहलीतून वा संघातून काही काळ वगळावे, झालेले नुकसान त्याच्याकडूनच भरून घ्यावे. आणि त्याच्या दांडगाईचे मूळ घरात तर नाही ना, हेही पाहावे. पीडित मुलाला एक विश्वासाचे शिक्षक नेमून द्यावेत. त्यांनी पुढील दोन महिने आठवड्यातून एकदा त्याची आपुलकीने विचारपूस करावी. आणि जी मुले नुसती पाहत उभी राहिली, त्यांनाही सांगावे की, शिक्षकांना सांगणे ही चहाडी नव्हे, तो मित्रधर्म आहे.

यात कोणत्याही कायद्याने हात बांधलेले नाहीत. मात्र शाळेने कठोर पाऊल उचलताच 'आमचा मुलगा असे करणारच नाही' म्हणत कार्यालयात धाव घेणारे पालक ते हात नक्कीच बांधतात. आपला मुलगा मार खाऊन येतो की काय, याची चिंता प्रत्येक घर करते. तो कोणाला मारून तर येत नाही ना, हा प्रश्नही घराघरांत तितक्याच कळकळीने विचारला गेला, तर शाळेचे अर्धे काम हलके होईल.