वाक्यातला कर्ता शोधा

शाळेत कर्ता, कर्म, क्रियापद ओळखताना कंटाळला नाही असा माणूस विरळाच. पण त्या तासाचा खरा उपयोग होतो तो सभेच्या मैदानावर. पुढाऱ्याचे भाषण ऐकताना कर्ता शोधत गेले, की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे शब्द वेगळे आहेत. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये तोही येतो. वक्त्याच्या हा भेद फार कामी पडतो. धरण 'आम्ही' बांधलेले असते. पाणीटंचाईला मात्र 'आपल्याला' तोंड द्यायचे असते. चूक कबूल करायची वेळ आली, की दोन्ही शब्द गडप होतात. 'काही त्रुटी राहून गेल्या', 'योग्य ती कारवाई केली जाईल.' त्रुटी कोणाच्या, कारवाई कोण करणार आणि केव्हा, याचा पत्ता नाही.

१९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी सांगत, ते म्हणतात 'इंदिरा हटाओ', मी म्हणते 'गरिबी हटाओ'. 'ते' आणि 'मी' अशी वाटणी झाली आणि गरिबी कशी व किती वर्षांत हटणार, हा प्रश्न टाळ्यांत बुडाला. पक्षाला ३५२ जागा मिळाल्या. पुढे २६ जून १९७५ च्या सकाळी त्यांनी आकाशवाणीवरून सांगितले, की राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचे कारण नाही. सही राष्ट्रपतींची होती हे खरेच. पण सल्ला पंतप्रधानांचा होता. मंत्रिमंडळालासुद्धा त्यांनी सही झाल्यावरच विचारले. वाक्यात खोटे काही नव्हते, फक्त खरा कर्ता वाक्याबाहेर उभा होता.

ही खोड एकाच पक्षाची नव्हे. २००४ साली भाजपप्रणीत आघाडी सरकारच्या जाहिराती 'इंडिया शायनिंग' म्हणत होत्या. कोणाचे घर उजळले, हे त्या दोन शब्दांत नव्हते. ती निवडणूक सरकार हरले.

प्रभावी बोलणे हा काही गुन्हा नाही. अत्र्यांसारख्या वक्त्यांनी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ सभा गाजवूनच पेटती ठेवली. पण टाळी देण्याआधी एक घरगुती सवय आठवावी. 'कपबशी फुटली' असे मूल सांगते, तेव्हा आई लगेच विचारते, 'फुटली, की फोडलीस?' मते मागायला येणाऱ्यांना हाच प्रश्न विचारण्याचा संकोच आपण का करावा?