पाणी उकळून प्या म्हणता, पण विहीर कुठाय?



पहिला पाऊस पडला की आपल्या पाड्यांवर हगवण येते. मग आरोग्य खात्याची गाडी येते, गोळ्या वाटते आणि सांगून जाते, "पाणी उकळून प्या, स्वच्छता पाळा." सल्ला चुकीचा नाही. पण बोलण्याचा रोख असा असतो की आदिवासी घाण राहतात म्हणून आजारी पडतात. हे आपण ऐकून घेता कामा नये.

जंगलपट्टीतल्या कितीतरी पाड्यांवर आजही बाया डवऱ्याचं पाणी भरतात. ओढ्याच्या कडेला खणलेला उघडा खड्डा, वरच्या अंगाला गुरं पाणी पितात, बाजूला कपडे धुतात. उन्हाळाभर रानात पडलेली घाण पहिल्या पावसाबरोबर वाहत येते ती त्याच डवऱ्यात. पाणी नितळ दिसलं तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ या सगळ्यांची वाट एकच: एकाच्या पोटातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात. पाण्यातून होणारी एक कावीळ तर गरोदर बाईच्या जिवावर उठते. आणि ज्या पोराला पुन्हा पुन्हा हगवण लागते, त्याच्या अंगी खाल्लेलं लागत नाही. 1992 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं दगावली, तेव्हापासून सरकार कुपोषणावर बोलतंय. पण अंगणवाडीतली खिचडी खाऊन पोर पाणी कुठलं पितं, हे विचारतो कोण?

आता उकळण्याचं बघू. घरातल्या सगळ्यांचं रोजचं पिण्याचं पाणी उकळायचं तर लाकूड लागतं. लाकूड आणायला बाई जंगलात गेली की गार्ड मोळी टाकायला लावतो, कोयता हिसकावतो. एक खातं सांगतं पाणी उकळा, दुसरं खातं सांगतं लाकडाला हात लावू नका. दोन्ही खाती एकाच सरकारची.

मग विहीर का नाही? ग्रामपंचायतीत विचारा, पंचायत समितीत विचारा, उत्तर ठरलेलं: "जागा फॉरेस्टची आहे." 1980 च्या वनसंवर्धन कायद्याचं नाव पुढं करून आपल्या पाड्यांच्या विहिरी, हातपंप, नळाच्या लाइनी अडवून ठेवल्या. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणं आपल्याच मुलखात झाली. ती जुनी म्हणून सोडून द्या, पण मध्य वैतरणा धरण तर 1980 नंतरचं आहे. त्याला जंगलाची जमीन मिळाली. हे पाणी गाळून, क्लोरीन टाकून मुंबईच्या नळाला जातं. मुंबईच्या कामगार वस्तीतल्या माणसाशी आपलं वैर नाही, त्यालाही पाणी पाहिजेच. पण धरणाला जमीन मिळते आणि पाड्याच्या विहिरीला मिळत नाही, याचा जाब मागायलाच पाहिजे.

आता "फॉरेस्टची जागा" हे उत्तर चालणार नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) नीट वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. गावाच्या 13 सोयींसाठी वनजमीन देता येते. त्यात पिण्याच्या पाण्याची योजना आहे, पाइपलाइन आहे, छोटे तलाव आहेत. अटी अशा: जागा 1 हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. मंजुरी जिल्ह्यातच होते, त्यासाठी फाइल दिल्लीला जात नाही. कुणाचा प्लॉटचा दावा मंजूर आहे की पडून आहे, याचा या कलमाशी संबंध नाही. "आधी दावे निकाली निघू द्या, मग विहिरीचं बघू," असं कुणी साहेब म्हणाला, तर त्याला हे कलम दाखवा.

आपल्यातले काही साथी म्हणतात, "आधी जमीन, पाणी मागून. पाण्याच्या मागं लागलो तर लढा फुटेल." त्यांची भीती मला कळते. विहीर दाखवून मतं घेणारे पुढारी आपण पाहिलेत. पण मला वाटतं ते उलट बघताहेत. पाड्याला विहीर नाही, कारण पाड्याची जमीन पाड्याची धरत नाहीत. म्हणजे पाण्याचा प्रश्न जमिनीचाच आहे, फक्त तो बाईच्या डोक्यावर आणि पोराच्या पोटात आहे. सातबारा किंवा दाखला हातात येईपर्यंत वर्षं जातात. तोवर पोरांनी डवऱ्याचंच पाणी प्यायचं का? शिवाय जो प्रश्न बायांचा, तो मागून घेऊ म्हणणारी संघटना बायांना मोर्चात कोणत्या तोंडानं बोलावणार?

विहीर होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. टी.सी.एल. पावडर ग्रामपंचायतीनं पुरवायची असते, ती मागून घ्या. उघडी राहिलेली, ओल लागलेली पावडर मेलेली असते, ती टाकून उपयोग नाही. अंदाजानं मूठभर टाकू नका. किती पाण्याला किती पावडर ते आरोग्य सेवकाकडून मोजून घ्या, टाकल्यावर अर्धा तास थांबा, मग पाणी भरा. ओ.टी.चे थेंब टाकून पाणी पिवळसर झालं तरच क्लोरीन लागलं. कुणाला हगवण लागली तर स्वच्छ पाणी 1 लिटर, साखर 6 सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चहाच्या चमच्यानं, हे थोडं थोडं पाजत दवाखान्यात न्या. भगताकडे जायचं तर जा, पण पाणी पाजणं थांबवू नका.

आणि नवी विहीर झाली की कठडा, भोवती सिमेंटचा ओटा, सांडपाण्याला पाट हे सगळं अंदाजपत्रकात धरायला लावा. संडास, उकिरडा, गोठा 50 फुटांच्या आत नको. नाहीतर डवरा गेला आणि विहिरीच्या नावानं खोल डवरा आला, असं व्हायचं.

पुढच्या बैठकीआधी एवढं करू. प्रत्येक पाड्यानं पाणी कुठून भरता, ते किती लांब आहे, यंदा किती जणांना हगवण लागली, हे लिहून काढायचं. ग्रामसभा बोलवायची. निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत निदान तिसरा हिस्सा बाया. विहिरीची जागा बायांनीच दाखवावी, कारण पाणी कुठं टिकतं ते त्यांनाच ठाऊक. कलम 3(2) चं नाव घालून ठराव करायचा, सह्या-अंगठे घ्यायचे, एक प्रत ग्रामपंचायतीला, एक वनखात्याला, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

तिसरी प्रत बैठकीला घेऊन या. सगळ्या पाड्यांचे ठराव एकत्र घेऊन तहसीलवर जाऊ, आणि जाताना डवऱ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊ. "पाणी उकळून प्या" म्हणणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ते ठेवू.