कण्यातील भुलेनंतरची कळ

कण्यातील भुलेचा अंमल उतरल्यावर काही रुग्णांना तात्पुरती चेतावेदना होते; तिच्याविषयी एक मत हट्टाने मांडले जाते. ही कळ म्हणजे शस्त्रक्रियेच्या मेजावर अवघडून पडल्याची पाठदुखी, ती आपोआप थांबते आणि आधी सांगितले तर नसलेले दुखणे रुग्णाच्या मनात रुजते, तेव्हा गप्प राहावे, असे हे मत. ते समंजस वाटते, पण त्याने रुग्णाचे ऐकण्याची जबाबदारीच झटकली जाते.

मेजाचा दावा आधी पाहू. 1993 मध्ये ही लक्षणे प्रथम नोंदली गेली, तेव्हा त्या रुग्णांना 5 टक्के ‘हेवी’ लिग्नोकेन, म्हणजे मज्जाद्रवाहून जड व्हावे म्हणून ग्लुकोज मिसळलेले औषध, दिलेले होते आणि शस्त्रक्रिया लिथॉटॉमी स्थितीत, म्हणजे गुडघे वाकवून पाय वर आधारावर ठेवून, झाली होती. स्थितीचा वाटा त्यामुळे कोणी नाकारत नाही. परंतु पुढच्या तुलनांमध्ये सुई, स्थिती आणि शस्त्रक्रिया सारखीच असूनही लिग्नोकेन घेतलेल्यांत हे दुखणे वारंवार, तर बुपिव्हाकेन हे भुलेचे दुसरे औषध घेतलेल्यांत क्वचित आढळले. मेजच दोषी असते तर त्याने औषध पाहून रुग्ण निवडले असते काय? शिवाय आपल्याला कोणते औषध दिले हे ज्या रुग्णांना ठाऊकच नव्हते, त्यांच्यातही हा फरक दिसला, तेव्हा मनात रुजवलेल्या दुखण्याची गोष्टही टिकत नाही. सुई टोचल्याची पाठदुखी टोचल्या जागी असते. ही कळ मात्र भूल उतरल्यावर साधारण 24 तासांच्या आत नितंबांत उठून मांड्यांकडे उतरते. औषध पातळ केले की प्रश्न मिटेल, हा वादही पूर्वी झालाच होता; 2, 1 आणि अर्धा टक्के द्रावणे गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ताडून पाहिली, तेव्हा तक्रारींचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले.

दुखणे काही दिवसांत थांबते हे खरे, पण ते दिवस रुग्ण घरी एकटा सोसतो.

म्हणून पाय वर ठेवून करायच्या छोट्या शस्त्रक्रियेत शक्य तिथे लिग्नोकेन टाळावे, रुग्णाला आधी सांगावे, दुसऱ्या दिवशी विचारपूस करावी आणि आयबुप्रोफेनसारखे दाहशामक औषध त्याला चालत असेल तर द्यावे. या वेदनेत बधिरता किंवा अशक्तपणा नसतो. पाय लुळा पडला, संवेदना गेली किंवा लघवी अडली, तर ती तात्पुरती कळ समजून थांबू नये, कारण मणक्यातील रक्तस्रावाने मज्जारज्जू वा चेतांची मुळे दाबली जात असतील, तर काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व आणू शकतो.