नंबरप्लेट नवी बसली, पण चोरीची गाडी जाते कुठे?

बीड जिल्ह्यात एमएच-२३ आणि एमएच-४४ या दोन्ही क्रमांकांच्या जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवण्याची धावपळ आपण सर्वांनी पाहिली. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती सक्तीची झाली. मुदत आधी ३१ मार्च २०२५ होती, मग ती सरकतच गेली. दुचाकीला ४५० रुपये, चारचाकीला ७४५, जीएसटी वेगळा. काम तीन खासगी कंपन्यांकडे, तपासणी आरटीओ आणि पोलिसांकडे. म्हणजे सरकार, पोलीस आणि कंपन्या वाहनचोरीविरुद्ध एकत्र आले, निदान कागदावर तरी.

प्लेट चांगली आहे. होलोग्राम आहे, लेझरने कोरलेला क्रमांक आहे, लॉक तोडल्याशिवाय ती निघत नाही. पण गाडी रस्त्यावर कुणी अडवली तरच तिचा उपयोग. सुटे भाग करून विकलेली मोटारसायकल कोणत्या नाक्यावर सापडणार?

ब्रिटनमध्ये हाच पेच होता. तिथल्या गृहखात्याने कोणत्या मॉडेलच्या गाड्या जास्त चोरीला जातात याची यादीच जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा कंपन्यांना लाज वाटली आणि कुलपं सुधारली. १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. २००१ च्या कायद्याने भंगारात गाड्या घेणारे आणि नंबरप्लेट विकणारे दोघेही नोंदणीखाली आले. आपल्याकडे साध्या दुचाकीला आजही हँडल लॉकच. खर्च मालकाच्या माथी आणि कंपनीला विचारणारं कुणी नाही!

जुन्या गाड्यांच्या व्यवहारासाठी केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि घेतलेली गाडी पोर्टलवर कळवायची. हा मुद्दा आपल्या घरचा आहे. आपल्या समाजातली पुष्कळ मुलं गॅरेज, भंगार आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात आहेत. ‘भाई, कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याची गाडी स्वस्तात घेतली की चौकशीत पहिलं नाव त्यांचंच येतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं कायद्याने गुन्हा आणि शरियतनेही नाजायज, त्यात वाद नाही. पण प्रामाणिक गॅरेजवाल्याला नियम समजावून सांगायला कोण गेलं? बीड आणि अंबाजोगाईच्या आरटीओ कार्यालयांनी त्यांच्यासाठी शिबिरं घ्यावीत. चोरीच्या गाड्यांचे इंजिन आणि चेसिस नंबर पोलिसांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवावेत. यादी पाठवायला टेंडर लागत नाही. संशयित म्हणून पाहण्याऐवजी साथीदार म्हणून पाहिलं, तर हीच मुलं पोलिसांना सगळ्यात आधी खबर देतील.

ज्याची गाडी जाते तो बहुधा मजूर, फेरीवाला किंवा ऊसतोडीला जाणारा. त्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो आणि त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांनी गाडी गेल्याबरोबर एफआयआर करावा. १ जुलै २०२४ पासून तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. विमा कंपनीलाही लगेच कळवावं. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आहे. एजंट काहीही म्हणो, हा निकाल त्याच्यापुढे ठेवा.