द्राक्षाच्या विम्यात ऊनही मोजा

मे २०२५ मधल्या पावसाने नाशिकच्या द्राक्षबागांना फटका दिला, तो वेलीवर घड नसताना. निफाड-दिंडोरीत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर येणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचे घड घडतात, आणि त्यासाठी त्या डोळ्यांवर भरपूर ऊन पडावं लागतं. आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेलं राहिलं, की ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरून नुसती बाळी निघते. फळपीक विम्याचा भर मात्र घड लागल्यानंतरच्या अवकाळी पावसावर आणि गारपिटीवर. एप्रिल ते जूनचा सूर्यप्रकाशही निकषांत यायलाच हवा.

हा बागेच्या व्यवस्थापनाचा दोष आहे, असं काहीजण म्हणतील. त्यात तथ्य आहे. वरचं पान उपयोगी प्रकाश बहुतांश शोषून घेतं, त्याच्या सावलीतल्या पानाला जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. म्हणून फुटींची विरळणी टाळून चालतच नाही. पण विरळणीने पानांची सावली हटते, ढगांची नाही. द्राक्ष हे अन्नधान्य नव्हे, हा आक्षेपही अपुरा आहे. बागायतदाराच्या आणि बागेत राबणाऱ्या मजुराच्या घरात धान्य येतं ते याच पिकाच्या पैशातून. शिवाय दाणे भरताना ऊन कमी पडलं, तर इगतपुरीचा भात आणि येवल्याचा मकाही हलकाच भरतो. प्रकाशाची नोंद ठेवली, तर ती त्यांच्याही कामी येईल.