सरकारचा वकील कीं राज्याचा?

रत्नागिरींत लोकमान्यांचें जन्मघर पाहावयास येणारी मंडळी १९०८ च्या खटल्याची गोष्ट निघाली कीं न्यायमूर्ति दावरांच्या नांवानें बोटें मोडतात. त्या खटल्यांत सरकारपक्ष मांडणाऱ्या अॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सनची आठवण सहसा कोणास होत नाहीं. परक्या सरकारचा तो नोकर! पण १९५० सालीं आमची घटना आली आणि तें आसन 'महाधिवक्ता' या नांवानें कायम राहिलें. आसनाबरोबर चाकरीहि कायम राहावी काय?

आमचे एक वकील स्नेही म्हणतात, "अहो प्रोफेसर, वकील म्हटला कीं अशिलाची बाजू मांडणारच!" युक्तिवाद सोयीचा आहे, खरा नाहीं. घटनेच्या १६५ व्या कलमांत महाधिवक्त्याचें कर्तव्य म्हणून आधीं सल्ला सांगितला आहे. १७७ व्या कलमानें त्याला विधिमंडळांत बोलण्याचा अधिकार आहे, मताचा नाहीं. ज्याला मत नाहीं त्याला सभागृहांत जागा कशासाठीं दिली?

अशिलाची बाजू कोठवर जाते हें आणीबाणींत दिसलें. सरकारचें म्हणणें जीविताच्या हक्कालाहि लागू आहे काय, असें न्या. खन्ना यांनीं विचारलें तेव्हां महान्यायवादी नीरेन डे यांनीं सांगितलें कीं, जीव बेकायदा घेतला गेला तरी न्यायालयें हतबल आहेत. एप्रिल १९७६ मध्यें पांचांपैकीं चार न्यायाधीशांनीं सरकारची बाजू मान्य केली. खन्ना एकटे पडले. तो निर्णय पुसला जाण्यास २०१७ साल उजाडावें लागलें.

त्याच निर्णयावर १९७८ मध्यें ग्रंथ लिहून कोरडे ओढणारे एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत आमचेच महाधिवक्ता होते. मुख्यमंत्री बदलले, ते राहिले. (राज्य एकाच पक्षाचें होतें, हें कबूल.) केशवानंद खटल्यांत त्यांनीं संसदेच्या अमर्याद दुरुस्तीच्या अधिकाराची बाजू घेतली होती, पुढें आपल्या ग्रंथांत तें मत त्यांनीं उघडपणें बदललें. अशा माणसाचा सल्ला मंत्र्यांस कडू लागला तरी राज्यास उपयोगी पडतो.

आतां मंत्री सभागृहांत "महाधिवक्त्यांचा सल्ला घेतला आहे" म्हणून ढाल पुढें करतात. सल्ला मात्र दाखवीत नाहींत. म्हणे गुप्तता! वकिलाची गुप्तता अशिलाच्या रक्षणासाठीं असते, आणि या वकिलाची फी आम्हीं भरतों. ज्या सल्ल्याचा सभागृहांत आधार घ्यावयाचा, तो त्याच दिवशीं पटलावर ठेवावा. नाहीं तर त्याचें नांवहि घेऊं नये. आमच्या आमदारांनीं येत्या अधिवेशनांत एवढा एक प्रश्न तरी विचारावा.